शांत बाळाकडे जास्त लक्ष द्या

माझ्या नातीच्या जन्मानंतर पहिले चार दिवस आमच्या घरात एकच कौतुक चाललं होतं, "किती गुणी बाळ आहे! रडतच नाही." हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलं असेल. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत निळ्या दिव्यांखाली होती आणि मी दाराबाहेरच्या बाकावर बसून रामरक्षा म्हणत होते. आज ती चार वर्षांची आहे, ठणठणीत आहे. पण त्या चार दिवसांत मी कुठे चुकले ते सांगायलाच हवं, कारण तशाच चुका करणारी घरं मला अजूनही दिसतात.

मी बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. लेक हिंजवडीला कामाला, राहायला वाकडला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्याकडे आली. सातव्या महिन्यापासून माझी तयारी सुरू होती. तुळशीबागेतून झबली-टोपडी आणली, रविवार पेठेतून डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा आणला. माझ्या आईचं चांदीचं बोंडलं घासूनपुसून ठेवलं. बाळ-बाळंतिणीच्या मालिशसाठी मावशी ठरवल्या. कशाची उणीव राहिली नाही असं वाटत होतं. एक गोष्ट मात्र शिकायची राहिली होती. बाळाला दूध पुरेसं मिळतंय की नाही हे ओळखायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटे नात झाली. बाळंतपण नैसर्गिक झालं, टाके पडले. सदतीस आठवडे नुकतेच भरले होते. वजन 2 किलो 850 ग्रॅम. शनिवारी दुपारी घरी सोडलं. बिल, विमा, सही-शिक्के या गडबडीत कोणीतरी औषधाच्या गोळ्या समजावून सांगितल्या आणि आठवड्याने दाखवायला या म्हटलं. मधल्या दिवसांत काय पाहायचं, काय दिसलं तर धावत यायचं, हे कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कागदावर लेकीचा रक्तगट ओ आणि बाळाचा बी लिहिलेला होता. मी तो वाचला आणि फाइल कपाटात ठेवली.

रविवारी बाळ सलग पाच तास झोपलं. लेक म्हणाली, "आई, हिला उठवू का?" मी म्हणाले, "झोपलेल्या बाळाला कधी उठवू नये. भूक लागली की आपोआप उठेल." ती पाजायला घ्यायची, बाळ दोन-तीन मिनिटं चोखायचं आणि झोपून जायचं. लेकीची छाती दगडासारखी भरून आली होती. मी समजूत घातली, "भरपूर दूध आहे तुला, म्हणून लवकर पोट भरतं तिचं." लंगोटात एकदा विटकरी डाग दिसला. उष्णता असेल म्हणून सोडून दिलं. चेहरा पिवळसर वाटत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळ्याच बाळांना होते कावीळ, सकाळच्या उन्हात धरा." मी गॅलरीत बसून तिला दुपट्यात गुंडाळून कोवळ्या उन्हात धरलं आणि आपण काळजी घेतली या समाधानात राहिले.

सोमवारी सकाळी मालिशवाल्या मावशी आल्या. पाचवीचा दिवस, संध्याकाळी पूजा होती. मावशींनी बाळाला पायांवर घेतलं, दुपटं सोडलं आणि खिडकीच्या उजेडाकडे वळून बसल्या. एक तांब्या पाणी पोटावरून ओतलं. बाळाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. मावशींचा हात थांबला. तळपाय उजेडात धरून त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. "काकू," त्या म्हणाल्या, "पहिल्या पाण्याला न रडणारं बाळ मी पाहिलं नाही. हिचे तळवेपण पिवळे झालेत. मी आंघोळ घालत नाही. आधी दवाखान्यात न्या."

पूजा तशीच ठेवून आम्ही निघालो. तिथल्या सिस्टरने बाळाचे सगळे कपडे काढले, वजनकाट्यावर ठेवलं आणि मला तीन प्रश्न विचारले. "आजी, चोवीस तासांत किती वेळा प्यायली? शू किती वेळा झाली? शी कुठल्या रंगाची होती?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. बत्तीस वर्षं मी संध्याकाळचा हिशेब जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही आणि माझ्याच नातीचा दिवसभराचा हिशेब मला सांगता आला नाही. वजन भरलं 2 किलो 470 ग्रॅम. चार दिवसांत 380 ग्रॅम गेले होते, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. रक्तातलं बिलिरुबिन 21 च्या वर, सोडियमही वाढलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "दिव्यांखाली ठेवतोय. काही तासांत उतरलं नाही तर रक्त बदलावं लागेल."

रक्त बदलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा अठरावर आला, तिसऱ्या दिवशी तेरावर. पण ती रात्र मी विसरू शकत नाही.

शांतपणाचा अर्थ

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. जन्मल्यावर बाळाच्या जादा तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. नवं यकृत ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. म्हणून बहुतेक बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळेपणा सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हाच आपण दवाखान्यातून घरी आलेलो असतो. आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल, बाळ थोडं आधी जन्मलं असेल किंवा दूध पोटात जात नसेल, तर हे द्रव्य झपाट्याने वाढतं. दूध कमी, म्हणून शी कमी. शी कमी, म्हणून बिलिरुबिन आतच राहतं. ते फार वाढलं तर मेंदूपर्यंत पोचतं आणि ऐकण्यावर, हालचालींवर कायमचा परिणाम करू शकतं. त्याच्या आधी बाळ सुस्तावतं. सुस्तावलेलं बाळ पीत नाही, न पिणारं बाळ आणखी सुस्तावतं. आम्ही या चक्राला गुणीपणा म्हणत होतो.

उन्हाविषयीही एक गोष्ट कळली. 1956 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला भाग पिवळा राहिला आणि उघडा भाग उजळला, हे त्यांच्या नजरेने टिपलं. त्या निरीक्षणातून आजची फोटोथेरपी आली. म्हणजे उन्हाची समजूत अगदीच बिनबुडाची नाही. पण डॉक्टरांचा दिवा ठरावीक निळ्या प्रकाशाचा असतो, बाळ उघडं असतं, तापमान सांभाळलेलं असतं आणि आकडा पुन्हा पुन्हा मोजला जातो. डिसेंबरातल्या गॅलरीत, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या फक्त गालांवर पडणारं ऊन हा उपचार नव्हे. उलट त्या उन्हावर भरवसा ठेवून आपण दवाखान्यात जायचे दोन दिवस घालवतो. मी घालवले.

तेव्हा बाळंतिणीला कोणी विचारलं नाही

त्या संध्याकाळी बाळ दिव्याखाली गेल्यावर त्याच सिस्टरने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "ताई, तुम्हाला ताप आहे. कधीपासून?" लेक म्हणाली, "काल रात्रीपासून." तिच्या टाक्यांनाही सूज होती, बसता येत नव्हतं. सगळे बाळाभोवती आहेत, आपलं दुखणं कुठे सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. मी तिला अळिवाची खीर देत होते, शेक देत होते, पण "तुला कसं वाटतंय?" हे एकदाही विचारलं नव्हतं. घरात दोन जीव शांत होते आणि दोघांच्याही शांतपणाचा अर्थ मी चुकीचा लावला.

सिस्टरने पडदा ओढला, लेकीच्या पाठीशी उशी लावली आणि हाताने दूध काढायला शिकवलं. पहिल्या खेपेला जेमतेम वाटीचा तळ ओला झाला. तेवढं दूधही तिने वाया जाऊ दिलं नाही, पळीने बाळाला पाजलं. दुसऱ्या दिवशी बाळ जागं झाल्यावर धरायचं कसं ते दाखवलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, डोकं आणि अंग एका रेषेत, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग जवळ घ्यायचं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात. "आता गालाकडे पाहू नका आजी, घशाकडे पाहा," सिस्टर म्हणाल्या. चोखणं, थांबणं, गिळणं. गिळल्याचा बारीक आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. आधीचे चार दिवस बाळ चोखत होतं, पण गिळत नव्हतं. हे मला दोन मुलं वाढवूनही कधी कळलं नव्हतं.

पुण्याला हे शिक्षण नवं नाही. आनंदीबाई जोशींचं बाळ अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे त्या अमेरिकेला जाऊन 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाचा विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना, त्यात विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. बाळ-बाळंतिणीजवळ मायेच्या हाताबरोबर शिकलेला हात हवा, हे या शहरातल्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपण मात्र अजूनही दवाखान्याचं दार ओलांडलं की तो शिकलेला हात सोडून देतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ताप पाहायच्या, आईला पाजायला मदत करायच्या. 1999 मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. तिथे मोठी यंत्रं नव्हती. होतं ते वेळेवर घरी येणं आणि मोजणं. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. तिसरा दिवस! आमच्या नातीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी कोणीच आलं नाही. खासगी दवाखान्यातून इमारतीतल्या घरी आलेल्या बाळाकडे आपण होऊन कोणी येत नाही, आपल्यालाच जावं लागतं.

आता माझं सांगणं

दवाखान्यातून निघताना चार गोष्टी कागदावर लिहून मागा: बाळाचं जन्माचं आणि निघतानाचं वजन, आई-बाळाचे रक्तगट, बिलिरुबिन तपासलं असेल तर तो आकडा आणि पुन्हा दाखवायची तारीख. ही तारीख दोन-तीन दिवसांतली हवी, आठवड्यानंतरची नको. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर तिला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळालं का, हेही विचारा. निघण्याआधी सिस्टरसमोर एकदा बाळाला पाजा आणि बरोबर पितंय ना, हे त्यांच्याकडून पाहून घ्या.

घरी एक वही ठेवा. प्रत्येक पाजणं, प्रत्येक शू, प्रत्येक शी वेळेसह लिहा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळ प्यायला हवं, रात्रीसुद्धा. पहिल्या दोन आठवड्यांत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका, तळपाय चोळून उठवा. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा आणि पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. शी काळ्या-हिरव्या रंगाची असते, ती चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. त्यानंतरही काळी राहिली किंवा लंगोटात विटकरी डाग दिसला, तर दूध कमी पडतंय असं समजा. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांच्या जवळ गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरून यायला हवं.

रोज दिवसाच्या उजेडात बाळाला एकदा पूर्ण उघडं करून पाहा. त्वचा बोटाने दाबून सोडा. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली सरकतो. तो पोटाखाली, पायांवर, तळव्यांवर आला, पहिल्या चोवीस तासांतच दिसला किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिला, तर रक्त तपासून घ्या. शी पांढरट आणि शू गडद पिवळी होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

बाळ प्यायचं थांबलं, उठवूनही उठत नाही, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, अंग तापलंय किंवा पोटासकट गार पडलंय, झटके येताहेत, हिरवी उलटी होतेय, नाळेभोवती लाली किंवा पू आहे, तर कोणाचा सल्ला विचारत बसू नका. 108 वर फोन करा किंवा रिक्षाने निघा. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काही नको. चीक टाकू नका, ती बाळाची पहिली लस आहे. मध, गुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी, साधं पाणीही नको. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं तेवढी द्या. नाकाकानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, बाळाची छाती दाबून "दूध काढणं" नको, बंद खोलीत शेगडीची धुरी तर नकोच. नाळ कोरडी ठेवा, तिला काही लावू नका. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, पाहुण्यांनाही धुवायला लावा. यात कोणाचा अपमान नाही.

आणि बाळंतिणीची पानं त्याच वहीत ठेवा. तापमान, टाके, अंगावरून जाणं, छाती, झोप, मन. तासाभरात पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, दुर्गंधी येत असेल, 100.4 किंवा जास्त ताप असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, एकाच पायाची पोटरी सुजली असेल किंवा धाप लागत असेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठा. रक्तदाबाचा धोका बाळंतपणानंतरही सहा आठवडे राहतो. डिंकाचे लाडू, अळीव, मालिश, सव्वा महिन्याची विश्रांती हे सगळं द्या, पण तिचं पाणी तोडू नका, भाज्या तोडू नका, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं पुष्कळ जणींना होतं. ते दोन आठवड्यांत थांबलं नाही, झोप उडाली, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार आहे, नाटक नव्हे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

आमची ती वही अजून जपून ठेवली आहे. दवाखान्यातून दुसऱ्यांदा घरी आलो त्या रात्रीपासून जावई, लेक आणि मी तिघांनी ती लिहिली. पहिल्या पानावर रात्री दोन वाजताची नोंद जावयांच्या अक्षरात आहे: "उठवून पाजलं. गिळल्याचा आवाज आला. शू झाली." तेराव्या दिवशी वजन 2 किलो 860 भरलं. तीन महिन्यांनी कानांची बेरा तपासणी झाली, ती व्यवस्थित निघाली. पाचवीची राहिलेली पूजा आम्ही बारशाच्या दिवशी केली. मालिशवाल्या मावशींना त्या दिवशी मी साडी नेसवली आणि त्यांच्या पाया पडले.

तुमच्या ओळखीत नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर पाहायला जाताना झबलं न्या, टोपडं न्या, पण एक कोरी वही आणि पेनही न्या. "बाळ शांत आहे ना?" असं विचारू नका. विचारा, "आज किती वेळा प्यायलं, किती वेळा शू झाली?" आणि मग बाळाच्या आईकडे वळून विचारा, "तू कशी आहेस?"